बाळू पालवणकर : डावखुऱ्या फिरकीची कारकीर्द

भारतीय क्रिकेटमधला पहिला मोठा गोलंदाज म्हणून बाळू पालवणकर यांचे नाव घ्यावे लागते. भारताने पहिला कसोटी सामना 1932 साली खेळला, तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. त्यामुळे कसोटीच्या नोंदवह्यांत ते सापडत नाहीत. मात्र 1905 ते 1921 या काळातल्या 33 प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी 179 बळी घेतले आणि प्रत्येक बळीमागे जेमतेम 15 धावा दिल्या.

त्यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, जातीने चर्मकार. वडील लष्करात होते आणि पलटणीबरोबर कुटुंब पुण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल खेळायला शिकले. पुढे चौघांनीही मुंबईच्या मैदानांवर नाव काढले.

बाळू क्रिकेटच्या मैदानावर आले ते खेळाडू म्हणून नव्हे, नोकर म्हणून. पुण्यातल्या पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रोलर फिरवणे हे त्यांचे काम होते. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागले. खेळपट्टी राखणे, सरावाची जाळी लावणे, गरज पडली तर टेनिसची मैदाने आखणे, अशी तिथली कामे होती. ट्रॉस नावाच्या एका सभासदाने त्यांना जाळ्यात चेंडू टाकायला सांगितले आणि तिथून गोलंदाजी सुरू झाली. क्लबातला सर्वांत तयार फलंदाज होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. तो तासभर आधी येई आणि बाळूंसमोर एकटा सराव करी. त्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. आठ वेळा ग्रेगची दांडी उडाली की महिन्याच्या पगाराइतके पैसे होत. एकेका चेंडूला मोल होते, म्हणून विचार न करता टाकलेला चेंडू परवडत नसे. बाळूंची गोलंदाजी या रोजच्या कामातून घडली.

त्या जाळ्यात त्यांनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण बॅट हाती मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत, असा तो हिशेब होता. हा अन्याय बाळूंच्या खेळावर कायमचा उमटला. पुढच्या आयुष्यात ते उपयोगी धावा काढत, पण फलंदाज म्हणून त्यांची घडण झाली नाही ती नाहीच.

त्यांची गोलंदाजी डावखुरी आणि मंद होती. अशा गोलंदाजाचा चेंडू बोटांनी फिरवलेला असतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पुढ्यात तो टप्पा घेतो आणि बाहेर, स्लिपच्या दिशेने वळतो. मागे राहावे तर बॅटची कड लागते, पुढे यावे तर यष्टीरक्षक टपलेला. बाळू चेंडू दोन्ही बाजूंना वळवू शकत. हवेत कमीजास्त उंची देऊन ते टप्पा लपवत आणि दिवसभर न थकता एकाच जागी चेंडू टाकत. खेळपट्टी कुठे कोरडी होते, कुठे चेंडू धरते, हे रोलर फिरवणाऱ्याला जितके कळते तितके फलंदाजाला क्वचितच कळते. हे ज्ञान त्यांना झाडणीच्या कामातच मिळाले असणार.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. पण अस्पृश्याला संघात घ्यावे की नाही, यावर बराच वाद झाला. क्लबातल्या तेलुगू सभासदांनी त्यांची बाजू घेतली. अखेर ते संघात आले, पण मैदानापुरतेच. चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे आणि तोच चेंडू बाळूंनी टाकलेला चाले. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणही वेगळे वाढले जाई. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याने त्यांची फिरकी बोथट करण्यासाठी खेळपट्टीवर कितीतरी दिवस रोलर फिरवून ठेवला होता. तिथेही त्यांनी सात गडी बाद केले. पुढे न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी जाहीर कौतुक केले तेव्हा हा विटाळ थोडा सैल झाला.

पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले आणि रेल्वेत नोकरीही मिळाली. फेब्रुवारी 1906 मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन संघांची गाठ पडली. हिंदूंच्या 242 आणि 160 धावा, युरोपियनांच्या 191 आणि 102. हिंदूंनी 109 धावांनी सामना जिंकला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवल्याचा आनंद मोठा होता. शेवटच्या डावात युरोपियनांची दाणादाण उडवण्यात बाळूंचा मोठा वाटा होता. वृत्तपत्रांनी याकडे जातिभेदाच्या दृष्टीनेही पाहिले : हिंदूंची लाज राखली ती ज्यांना हिंदू समाज शिवत नव्हता, त्यांनी.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. एकूण 23 सामन्यांपैकी संघाने 15 गमावले. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक होते आणि बराच वेळ ते संघाबरोबर नव्हतेच. बाळूंनी या दौऱ्यात 114 बळी घेतले. प्रथम दर्जाच्या सामन्यांत 75, सरासरी 20.12. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावांत आठ गडी ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. त्या वर्षी इंग्लंडमध्ये कडक उन्हाळा होता. मंद गोलंदाजाला हव्या असतात त्या ओल्या खेळपट्ट्या फारशा मिळाल्या नाहीत, म्हणून हे आकडे अधिक बोलके ठरतात. लीस्टरशायर आणि सॉमरसेट या दोन कौंटी संघांना हरवले, त्यात पालवणकर बंधूंचा हात होता. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी शतक ठोकले.

मुंबईला परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्यांच्या तरुण चाहत्यांत भीमराव आंबेडकर होते. पण हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. 1913 मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान ज्येष्ठ बाळूंचा होता, असे जाहीरपणे म्हटले. एका सहकाऱ्याचे मोठेपण त्यात दिसते, पण निवड समितीने ते ऐकले नाही. 1920 च्या हिंदू, पारशी, युरोपियन आणि मुस्लिम संघांच्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळण्यात आले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठल यांनाही डावलले, तेव्हा शिवराम व विठ्ठल दोघांनी संघातून नाव काढून घेतले. त्यावर वृत्तपत्रांत आणि सभांत गदारोळ उठला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिन्ही भाऊ परत आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमले गेले. पै मैदानाबाहेर गेल्यावर काही वेळ त्यांनी संघ हाताळला. एवढेच नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले. तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' या मराठी आत्मचरित्रात हा काळ नोंदवला आहे.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर आंबेडकर आणि ते वेगळ्या बाजूंना गेले होते. 1937 च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांविरुद्धच उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. एकेकाळी ज्यांच्या सत्काराला आंबेडकर गेले, त्यांच्याशीच झालेली ही लढत महाराष्ट्राच्या राजकारणातल्या सर्वांत अवघड लढतींपैकी एक म्हणावी लागेल.

बाळू पालवणकर यांचे 4 जुलै 1955 रोजी निधन झाले.