प्रबलन अध्ययन (प्रौढावस्था)

प्रबलन अध्ययन म्हणजे केलेल्या कृतीच्या परिणामावरून पुढील वर्तन बदलण्याची मेंदूची प्रक्रिया होय. परिणाम अनुकूल असल्यास ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते आणि प्रतिकूल असल्यास ती घटते. कृती बरोबर झाली की चुकली, ही शिकणाऱ्यापर्यंत पोहोचणारी माहिती म्हणजे प्रत्याभरण. ही प्रक्रिया बालपणापुरती मर्यादित नसून आयुष्यभर चालू राहते. वयानुसार तिचा वेग आणि तिची पद्धत मात्र बदलते.

संकल्पनेचा इतिहास

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेले मांजर धडपडताना योगायोगाने कळ दाबी आणि बाहेर पडून अन्न मिळवी. पुढील प्रयत्नांत निरर्थक हालचाली हळूहळू कमी होत जात. यावरून त्यांनी ‘परिणामाचा नियम’ मांडला. बी. एफ. स्किनर यांनी पुढे या विचाराचा विस्तार केला. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांना असे आढळले, की मेंदूच्या विशिष्ट भागांना विद्युत्-उद्दीपन मिळावे म्हणून उंदीर पुनःपुन्हा कळ दाबतात. त्यामुळे पारितोषिकाशी निगडित मेंदूक्षेत्रांच्या अभ्यासाला चालना मिळाली.

मेंदूतील यंत्रणा

मध्यमेंदूतील काही चेतापेशी डोपामिन हे रसायन स्रवतात. डोपामिन म्हणजे केवळ ‘आनंदाचे रसायन’ हा समज अपुरा आहे. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत प्रारंभी फळांचा रस मिळताच या पेशी उद्दीपित होत. रसापूर्वी ठरावीक खूण दाखविण्याचा क्रम अंगवळणी पडल्यावर त्या रसाऐवजी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. खूण दाखवूनही रस दिला नाही, तर अपेक्षित क्षणी त्यांची क्रिया मंदावे. शुल्त्स, पीटर डायन व रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये याचा अर्थ मांडला: या पेशी प्रामुख्याने अपेक्षा आणि प्रत्यक्ष परिणाम यांतील तफावत कळवितात. या तफावतीस ‘भाकित-त्रुटी’ म्हणता येईल. मेंदूच्या अंतर्भागातील स्ट्रायटम या केंद्रात हा संदेश पोहोचला, की चेतापेशींमधील जोडण्या बळकट किंवा क्षीण होतात.

व्यवहारातील उदाहरण घेता येईल. कोल्हापुरातील कपिलतीर्थ मंडईत पन्नाशीची एखादी भाजीविक्रेती मोबाइलवरून पैसे स्वीकारू लागते, अशी कल्पना करावी. प्रारंभी ‘पैसे जमा झाले’ हा यंत्राचा आवाज ऐकून तिला हायसे वाटते. काही दिवसांनी तो आवाज गृहीतच धरला जातो. एखाद्या वेळी मात्र गिऱ्हाईक ‘पैसे पाठवले’ म्हणते आणि आवाज येत नाही. त्या क्षणी तिचे लक्ष वेधले जाते आणि पुढच्या वेळी ती खात्री करूनच पिशवी हाती देते. सर्व काही अपेक्षेप्रमाणे घडते तेव्हा नव्याने शिकण्यासारखे थोडेच उरते.

वयानुसार होणारे बदल

तरुणपणापासूनच मेंदूतील डोपामिनचे ग्राही दशकागणिक कमी होत जातात. परिणाम अनिश्चित असतो आणि कोणता पर्याय अधिक लाभदायक हे अनुभवानेच शोधावे लागते, अशा कार्यांत ज्येष्ठांना सरासरीने अधिक प्रयत्न लागतात. लंडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डोपामिन वाढविणाऱ्या लेव्होडोपा या औषधामुळे काही ज्येष्ठांची अशा कार्यातील कामगिरी सुधारली. मात्र हा प्रयोगशाळेतील निष्कर्ष आहे. निरोगी व्यक्तींसाठी तो उपचार ठरत नाही.

ही घट सर्वांमध्ये सारखी नसते. शिवाय नवी माहिती जुन्या अनुभवाशी जोडता आली, तर ज्येष्ठांची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. सामान्यज्ञानाच्या प्रश्नांत चुकलेले उत्तर सुधारून लक्षात ठेवण्यात ते तरुणांच्या मागे पडतातच असे नाही.

कंपवातात (पार्किन्सन रोगात) डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. मायकेल फ्रँक व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले, की औषध न घेतलेल्या स्थितीत हे रुग्ण यशापेक्षा चुकांवरून अधिक शिकतात, तर औषध घेतल्यावर ते यशावरून अधिक शिकतात. त्यामुळे रुग्णाच्या निर्णयांत पडलेला फरक हा केवळ त्याच्या स्वभावाचा दोष मानणे योग्य नाही.

प्रत्याभरणाचे स्वरूप

‘चूक’ एवढ्या शेऱ्यापेक्षा चूक कोठे झाली आणि योग्य काय, हे सांगणारे प्रत्याभरण अधिक उपयुक्त असते. नवशिक्याला ते वारंवार लागते. तथापि हालचालींच्या कौशल्यांत प्रत्येक प्रयत्नानंतर सूचना मिळाल्यास शिकणारा सूचनेवर विसंबून राहतो, आणि सूचना थांबताच कामगिरी ढासळू शकते. म्हणून सूचना क्रमाने विरळ करणे हितावह ठरते. मुळात आवडीने केल्या जाणाऱ्या कामासाठी बक्षिसाचे आमिष दाखविल्यास ती आवड कमी होऊ शकते, असेही प्रयोगांत आढळले आहे.

महाराष्ट्रातील प्रौढ शिक्षण

सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ होत असे. येथे पारितोषिक व्यक्तीला नसून साऱ्या गावाला होते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी साडीचा गणवेश घालून साठी ओलांडलेल्या स्त्रिया तेथे अक्षरे गिरवू लागल्या. अंगठ्याऐवजी स्वतःची सही करता येणे हे अशा विद्यार्थिनींसाठी तत्काळ आणि दृश्य प्रत्याभरण असते.

उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील असाक्षरांसाठी वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची १५० गुणांची चाचणी घेतली जाते. अशा अंतिम चाचणीतून प्रगती मोजता येते. मात्र शिकण्याचे खरे काम त्यापूर्वीच्या रोजच्या लहानसहान दुरुस्त्यांतून होते. प्रौढ विद्यार्थी बहुधा शेती, मजुरी किंवा घरकाम उरकून वर्गात येतो आणि चारचौघांत चुकण्याचा त्याला संकोच वाटतो. चुकीबद्दल हसे झाले, तर तो अक्षर सुधारण्याऐवजी वर्ग टाळण्यास शिकतो. हेही प्रबलन अध्ययनच होय.