डॅशबोर्डवरचा लाल दिवा

पावसाळ्यातली संध्याकाळ. भोर सोडून तुम्ही हिर्डोशीकडे निघाला आहात. नीरा देवघरचं पाणी धुक्यात दिसेनासं झालंय. हेडलाइट, वायपर, पंखा, सगळं चालू आहे. एवढ्यात डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागतो. गाडी तर झकास चालली आहे. मग पुढं जावं, की मागं फिरावं?

बहुतेकांना वाटतं, बॅटरी गेली. पण दिवा सांगतो ते वेगळंच. तो सांगतो, चार्जिंग बंद पडलं. बॅटरी म्हणजे भाटघरचा साठा आणि अल्टरनेटर, ज्याला गॅरेजमध्ये अजूनही डायनमो म्हणतात, तो म्हणजे वरून येणारं पाणी. आवक थांबली तरी साठा काही काळ पुरतो.

किती काळ? लहान गाडीची बॅटरी साधारण 35 अँपिअर-तासांची असते. इंजिन, दिवे, वायपर आणि पंखा मिळून 30 अँपिअरच्या आसपास वीज खातात. म्हणजे कागदावर एक तास. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण बॅटरी पुरती रिकामी होण्याआधीच इंजिन अडखळू लागतं.

म्हणून आधी तापमानाचा काटा पाहा. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर काटा झपाट्यानं चढेल. तसं दिसलं तर गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करा. काटा जागेवर असेल तर एसी, पंखा, रेडिओ, मोबाइलचा चार्जर बंद करा. हेडलाइट मात्र चालू ठेवा. इंजिन बंद न करता जवळची वस्ती गाठा. एकदा बंद केलं तर पुन्हा सुरू होईलच याची खात्री नाही.

आता दोष शोधायचा तो दिवसाउजेडी, इंजिन बंद करून. पहिल्यांदा पट्टा. तो सैल, चिरलेला किंवा गुळगुळीत झाला आहे का? पावसात गाडी सुरू करताना चिरका आवाज येत असेल तर पट्टा घसरतोय. मग बॅटरीची टर्मिनल. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर ती काढून, गरम पाण्यानं धुऊन, कोरडी करून घट्ट बसवा. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

त्यानंतर मल्टिमीटर. साधा मीटर काही शेकड्यांत मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी. इंजिन सुरू केल्यावर आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान जायला हवा. हेडलाइट आणि पंखा लावून, किंचित रेस देऊनही तो साधारण तिथंच राहिला तर चार्जिंग ठीक आहे. बाराच्या आसपास राहून उतरत गेला तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, तो बॅटरीचं पाणी उकळवून टाकेल. अलीकडच्या काही गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम कमी-जास्त करतो, हेही ध्यानात ठेवा.

अल्टरनेटरच्या जाड तारेवर चौदा आणि बॅटरीवर साडेबारा दिसले, तर दोष मधल्या तारेत, फ्यूजमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. अल्टरनेटरवरच कमी दिसले, तर कार्बन ब्रश, डायोड किंवा रेग्युलेटर. यातले ब्रश झिजले असतील तर ते अगदी थोडक्यात बदलून मिळतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. चालू इंजिनवर बॅटरीची तार काढून 'बंद पडते का बघू' ही जुन्या डायनमोच्या जमान्यातली परीक्षा. आजच्या गाडीत त्या झटक्यानं डायोड जळतात, इंजिनचा संगणकही जातो.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वेल्ह्याच्या वाटेवर गाडी दोनदा बंद पडली म्हणून नवी बॅटरी घेतली. चौथ्या दिवशी तीही बसली. दोष होता इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या, गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याला विहिरीचं कळतं, तेच गाडीचं. बॅटरीवर पैसे घालण्याआधी पाच मिनिटं मीटर लावून पाहा.