कर्ज फिटेना, तर कायदा काय म्हणतो?

मुलचेऱ्यातला एखादा दुकानदार धानाच्या भरवशावर उधारी देतो. धान बुडते, उधारी बुडते, आणि देणेकरी दारात उभे राहतात. मग माणूस गाव सोडतो, नाहीतर नवे कर्ज काढून जुने फेडू पाहतो. पण मंडळी, तिसरीही वाट आहे : नादारीचा अर्ज.

दिवाळे म्हटले की अब्रू गेली, असे आपण समजतो. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा मात्र याकडे संरक्षण म्हणून पाहतो. देणे पाचशे रुपये वा अधिक असून फेडण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करता येतो. नादार ठरल्यावर सावकाराला न्यायालयाच्या परवानगीवाचून नवा दावा लावता येत नाही. तारण ठेवलेल्या मालावरचा हक्क तेवढा त्याला राहतो. मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. पण शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे आणि घरातली भांडीकुंडी सुटतात. पुढे मुक्ततेचा हुकूम मिळाला, की बहुतेक देणी संपतात. सरकारी देणे आणि लबाडीने केलेले कर्ज मात्र सुटत नाही.

यात अट एकच : सारे खरे सांगायचे. माल लपवलात, तर कैद होऊ शकते, बरं का!

आणि वकिलाची फी? १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या, किंवा १५१०० वर फोन करा. कर्जाचे कागद मात्र जपून ठेवा.