बाहेर उणे वीस, तरी आत बर्फाचं मशीन कशाला?

आजचा भाग थंडीचा आहे, आणि थोडा पैशांचाही.

गाव आहे डुलुथ. अमेरिकेतलं मिनेसोटा राज्य, लेक सुपीरियरचं टोक. वस्ती साधारण ८६ हजार, आणि बंदराच्या काठावर भलंमोठं संकुल: डुलुथ एंटरटेनमेंट कन्व्हेन्शन सेंटर. लोक नुसतं 'डेक' म्हणतात. १९६६ साली एक अरीना आणि एक सभागृह एवढ्यावर सुरू झालं. आज परिषदांची दालनं आहेत, कर्लिंग क्लब आहे, धक्क्याला विल्यम ए. अर्विन हे ६१० फुटी खनिजवाहू जहाज संग्रहालय होऊन उभं आहे. २०१०च्या डिसेंबरात जुना अरीना न पाडता शेजारी नवा ॲमसॉइल अरीना उघडला. विद्यापीठाचा बुलडॉग्ज हा आईस हॉकी संघ तिथे खेळतो. २०११, २०१८ आणि २०१९ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत.

आता मुद्द्याचं. जिथे हिवाळ्यात तळंच गोठतं, तिथे बर्फ करायला मशीन का लागतं?

कारण माणसं. बसल्या जागी एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ॲमसॉइल अरीनात साडेसहा हजारांवर लोक बसतात. गुणाकार करा: ६५० किलोवॅट. आपल्या बाथरूममधले दोन किलोवॅटचे सव्वातीनशे गीझर एकदम चालू केल्यासारखं! शिवाय दिवे. शिवाय एवढ्या लोकांच्या श्वासातली वाफ, आणि माझ्या मते खरा शत्रू तीच. दमट हवा बर्फावर आली की वर दव धरतं, कधी धुकंसुद्धा. म्हणून हवा कोरडी करणारी यंत्रणा वेगळी लागते.

बर्फ असतो जेमतेम इंच-सव्वाइंच. खाली काँक्रीट, काँक्रीटमध्ये नळ्यांचं जाळं, नळ्यांतून फिरतं शून्याखाली गार केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल, जे त्या तापमानालाही गोठत नाही. तत्त्व आपल्या फ्रिजचंच. पाणी एकदम ओतत नाहीत, पातळ थरांनी फवारतात. मध्येच एक थर पांढऱ्या रंगाचा, त्यावर रेघा, मग पुन्हा पाणी. पांढरा रंग नसता तर खालचं काँक्रीट दिसलं असतं.

खेळाच्या मधल्या सुट्टीत झांबोनी फिरते ना, ती वरचा खरवडलेला थर तासून गरम पाणी टाकते. हो, गरम! ते चिरांच्या कडा वितळवून त्यांत मुरतं आणि गुळगुळीत गोठतं.

आणि उद्या तिथे गाण्याचा कार्यक्रम असेल तर? बर्फ वितळवत नाहीत. पुन्हा थर चढवायचे म्हणजे दिवसच्या दिवस जातात. वर उष्णतारोधक फळ्या एकमेकींत अडकवून बसवायच्या, त्यावर खुर्च्या. पायाखाली बर्फ आहे हे प्रेक्षकांच्या गावीही नसतं. 'बहुउद्देशीय' या शब्दाचा अर्थ एवढाच: रात्रीत फळ्या टाकणारी आणि उचलणारी माणसं.

कर्लिंगचा बर्फ मात्र मुद्दाम खडबडीत. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक पुटकुळ्या करतात आणि सुमारे १९ किलोचा ग्रॅनाइटचा दगड त्यांवरून सरकतो. सपाट बर्फावर तो लवकरच थांबला असता. २०१८च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला कर्लिंगचं पहिलं सुवर्ण मिळवून देणारा जॉन शूस्टरचा संघ याच डुलुथच्या क्लबातला.

आता पैसा. नव्या अरीनासाठी राज्य सरकारने मोठा वाटा उचलला. शहराच्या वाट्यासाठी २००८ मध्ये मतदान झालं आणि हॉटेलातल्या खाण्यापिण्यावर पाऊण टक्का जादा कर लोकांनी मंजूर केला. म्हणजे ज्याने आयुष्यात हॉकी पाहिली नाही, तोही बर्गरमागे अरीनाला चार पैसे देतो. अन्याय? मला तितकासा वाटत नाही, कारण त्याला आधी विचारलं होतं. शिवाय सामना किंवा परिषद असली की त्याच हॉटेलांत गर्दी होते, आणि बाहेरगावचे पाहुणेही तोच कर भरतात. पण गर्दीच आली नाही तर? बर्फाला ते कळत नाही. समोर दहा माणसं असोत की सहा हजार, कॉम्प्रेसरचं वीजबिल येतंच.

नावाचं विचाराल, तर ॲमसॉइल ही इंजिन ऑइल बनवणारी कंपनी, खाडीपलीकडच्या सुपीरियर गावातली.