आखूड शब्दांची कुळकथा

गेल्या पावसाळ्यानंतर घराच्या गच्चीची दुरुस्ती काढली तेव्हाची गोष्ट. गवंड्याने कोब्याचा अखेरचा थर थापी फिरवून सारखा केला, कडेचे पाणी निपटले, आणि "आता चोवीस तास कोणी वर पाय ठेवू नका, सिमेंट सेट झालं पाहिजे," असे बजावून तो खाली आला. आवराआवरीत रोजच्या कपबश्या अडगळीत गेल्या असल्यामुळे आतून कोणीतरी हाक दिली, "तो नवा सेट काढा." अवघ्या पाच मिनिटांत, एकाच घरात, एकच इंग्रजी शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी उच्चारला गेला, आणि दोन्ही वेळा तो सर्वांना बिनबोभाट समजला. शब्द एक आणि अर्थ दोन, असेच मीही इतकी वर्षे धरून चाललो होतो. पण त्या रात्री शब्दकोश उघडून पाहिला तेव्हा या दोन ‘सेट’ची नोंद दोन वेगवेगळ्या खात्यांवर, दोन वेगवेगळ्या कुळांच्या नावे केलेली आढळली.

सिमेंटचा ‘सेट’ हा इंग्रजी भाषेच्या जुन्या घरचा, जर्मानिक कुळातला शब्द. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्या धातूचे प्रयोजक रूप ‘सेट’ म्हणजे बसवणे. आपल्या ‘बसणे’ आणि ‘बसवणे’ यांत जे नाते आहे, त्याहून हे नाते तिळमात्र वेगळे नाही. म्हणूनच सोनार अंगठीत खडा बसवतो आणि वैद्य निखळलेले हाड बसवतो, त्या दोन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’च येतो, इतकेच काय, सायंकाळी मावळणाऱ्या सूर्यालाही इंग्रज हेच क्रियापद लावतो, कारण दिवसभर चाललेला सूर्य त्याच्या लेखी क्षितिजावर टेकतो. या ‘सिट’चे संस्कृतातील सगोत्र रूप म्हणजे ‘सद्’ हा धातू, ज्याच्यापासून ‘सदन’, ‘संसद’ आणि गुरूच्या निकट बसून मिळवलेले ज्ञान ते ‘उपनिषद’, हे शब्द निघाले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एका समान भाषेत असावा, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला आणि जर्मानिक भाषांचेही मूळ तेच असावे असे सुचवले. त्या विचाराचा प्रत्यय आपल्या गच्चीवरच्या ओल्या कोब्यात असा अवचित यावा, याचे मला अजूनही नवल वाटते.

कपबश्यांचा ‘सेट’ आला तो दुसऱ्याच वाटेने. लॅटिनमध्ये ‘सेक्ता’ म्हणजे एखाद्या आचार्यामागून जाणाऱ्या अनुयायांचा समुदाय, अर्थात पंथ. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून झिजत झिजत इंग्रजीत ‘सेट’ होऊन पोहोचला, आणि त्याचे कमी झिजलेले भावंड ‘सेक्ट’ आजही पंथ याच अर्थाने नांदते. त्यामागचा लॅटिन धातू अनुसरणे या अर्थाचा, आणि त्याचे संस्कृतातील सगोत्र रूप ‘सच्’, म्हणजे सोबत असणे; राजाच्या सोबत राहून त्याला सल्ला देणारा तो ‘सचिव’ हा याच धातूचा. पुढे दोन्ही शब्दांचा उच्चार एक झाल्यावर त्यांच्या अर्थांचीही पुष्कळ सरमिसळ झाली, तरी मूळचे दप्तर तपासले तर एका ‘सेट’चे नाते उपनिषदाशी आणि दुसऱ्याचे सचिवाशी जुळते.

हा भेद मराठी वाचकाला परका नाही. झाडाचे पान, पुस्तकाचे पान, विड्याचे पान आणि पंगतीत मांडलेले पान, हे चारही एकाच ‘पर्णा’चे वंशज, त्यांत अर्थ वाढला, शब्द एकच राहिला. परंतु ‘मद्यपान’ किंवा ‘स्तनपान’ यांतील ‘पान’ पिणे या अर्थाच्या ‘पा’ धातूपासून झालेले, आणि झाडाच्या पानाशी त्याचा कसलाही रक्तसंबंध नाही. कोशकाराचे निम्मे कसब हे दोन प्रकार ओळखण्यात असते. जिथे एका बुंध्याला अनेक फांद्या फुटल्या आहेत तिथे तो एकाच नोंदीखाली अर्थांना क्रमांक देतो, आणि जिथे दोन झाडांची पालवी नुसती एकमेकांत मिसळली आहे तिथे तो शब्दच दोनदा मांडतो.

इंग्रजीत अशी गुंतागुंत आखूड शब्दांतच अधिक का सापडते, याचे कारण त्या भाषेच्या इतिहासात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आणि क्रियापदांना संस्कृतासारखे विभक्तीचे आणि काळाचे प्रत्यय लागत. पुढे उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांची वस्ती झाली, १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने राज्य घेतल्यावर दरबाराची आणि कचेरीची भाषा फ्रेंच झाली, आणि या काही शतकांच्या घुसळणीत ते प्रत्यय एकामागून एक गळून पडले. शेपट्या तुटल्यावर जे पूर्वी वेगळे दिसत होते ते सारखे दिसू लागले. जुन्या इंग्रजीत ‘लॅटन’ म्हणजे मोकळीक देणे आणि ‘लेटन’ म्हणजे अडवणे, असे दोन स्वतंत्र शब्द होते. प्रत्यय झडून दोघांचेही ‘लेट’ झाले, आणि अर्थाने परस्परविरुद्ध असलेले दोन शब्द एकाच रूपात वावरू लागले. अडवणारा ‘लेट’ व्यवहारातून जवळजवळ लोप पावला. पण आपल्या भारतीय पारपत्रात, राष्ट्रपतींच्या नावे परदेशस्थ अधिकाऱ्यांना जी विनंती छापलेली असते, तिच्या इंग्रजी मजकुरात तो आजही जिवंत आहे. धारकाला अटकाव न करता जाऊ द्यावे, अशा आशयाच्या त्या वाक्यातील ‘लेट’चा अर्थ अटकाव असा आहे. टेनिसमध्ये जाळीला स्पर्शून गेलेली सर्व्हिस पुन्हा करावी लागते तेव्हा पुकारला जातो तोही हाच.

‘बँक’ या शब्दाचा मामला याहून थोडा निराळा. नदीकाठचा ‘बँक’ नॉर्स लोकांकडून आला, आणि पैशाचा ‘बँक’ इटलीतील सराफ ज्या बाकावर नाणी मांडून बसत त्या ‘बँका’पासून आला, मात्र त्या इटालियन शब्दाचे मूळही जर्मानिकच असल्यामुळे पूर्वी ताटातूट झालेले दोन चुलतभाऊ इंग्रजीत पुन्हा एका घरी राहावयास आले, असे म्हणता येईल.

या साऱ्या वंशावळी जुळवण्याचे काम किती कष्टाचे आहे, याची कल्पना एका कोशावरून येते. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत १८५७ साली निघाली. त्याच वर्षी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने इंग्रजीच्या नव्या कोशाचा विचार हाती घेतला, जो पुढे ऑक्सफर्ड कोश म्हणून ओळखला गेला. १८७९ पासून संपादकत्व सांभाळणाऱ्या जेम्स मरे यांनी आपल्या बागेत पत्र्याचे एक दालन उभारून त्याच्या भिंतींना खणांच्या फडताळ्या लावल्या, आणि ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांनी ग्रंथ वाचून उतरवून धाडलेल्या अवतरणांच्या चिठ्ठ्या तिथे शब्दवार लावल्या. १९१५ साली मरे निवर्तले. कोश पुरा झाला १९२८ साली, आणि तेव्हा त्यात अठरा लाखांवर अवतरणे होती. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद होती ती तीन अक्षरांच्या ‘सेट’ची: क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आणि त्यांचे विवरण सुमारे ६०,००० शब्दांत. अलीकडच्या संशोधनात ‘रन’ने त्यालाही मागे टाकले, त्याचे ६४५ अर्थ नोंदवले गेले, आणि पीटर गिलिव्हर या कोशकाराला त्या एका क्रियापदासाठी सुमारे नऊ महिने द्यावे लागले. एका शब्दापायी नऊ महिने बसून राहणाऱ्या माणसाविषयी मला अतोनात आदर वाटतो.

एकाच बुंध्याच्या फांद्या कशा पसरतात, हे पाहायचे तर ‘स्कोअर’ घ्यावा. हा नॉर्स शब्द, आणि मूळ अर्थ खाच. गुरे-मेंढरे मोजताना विसापर्यंत आकडा गेला की काठीवर एक खाच पाडायची, म्हणून ‘स्कोअर’ म्हणजे वीस. आपल्याकडे वीस नगांची ‘कोडी’ धरतात तसेच. इंग्लंडच्या राजाचा जमाखर्चही शतकानुशतके अशाच काठ्यांवर चाले. बाराव्या शतकात रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने खाचांचे मापच लिहून ठेवले आहे: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला भरलेल्या जवाच्या दाण्याएवढी, आणि एका पेनीला लाकूड न काढता नुसता सुरीचा चरा. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरत, म्हणजे दोन्ही फाळींवर त्याच खाचा उमटत. लांब फाळ धनकोकडे राही आणि आखूड फाळ ऋणकोकडे, आणि हिशेबाच्या दिवशी दोन्ही जुळवून पाहिल्या की लबाडीला जागा उरत नसे. धनकोकडच्या फाळीला ‘स्टॉक’ म्हणत. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ झाडाचे खोड, आणि ‘स्टॉक मार्केट’च्या पूर्वजांत ही लाकडी फाळ आहे. १८२६ साली ही वहिवाट बंद झाली, आणि १६ ऑक्टोबर १८३४ रोजी साठलेल्या जुन्या काठ्या पार्लमेंटच्या तळघरातील भट्टीत जाळताना आग भडकून दोन्ही सभागृहे भस्मसात झाली. क्रिकेटच्या आरंभकाळी धावाही काठीवर खाचा पाडूनच मोजत, म्हणून धावसंख्या ती ‘स्कोअर’. दुधाच्या रतिबाचा हिशेब भिंतीवर चुन्याच्या रेघा ओढून ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता. ‘स्कोअर’चा मूळ धातू कापणे या अर्थाचा, ‘शेअर’ म्हणजे कापून दिलेला वाटा, ‘शॉर्ट’ म्हणजे कापून आखूड केलेले, ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ म्हणजे आखूड वस्त्रे, हे सारे त्याच घरचे. त्याच धातूचा विस्तार संस्कृतात ‘कृत्’ या रूपाने आला, आणि त्यापासून झालेल्या ‘कर्तरी’चीच आपली कात्री.

‘फास्ट’ हाही असाच एकखांबी. मूळ अर्थ घट्ट, अचल. कपड्याचा रंग ‘फास्ट’ म्हणजे पक्का, हा अर्थ त्यातून सरळ निघतो. अन्न न घेण्याच्या निश्चयाला घट्ट धरून राहणे म्हणजे उपवास, म्हणून गांधीजींच्या उपोषणांच्या इंग्रजी वृत्तांतांत ‘फास्ट’ आला. आणि घट्ट, नेटाने धावणे यावरून वेगाचा अर्थ निघाला, तो दादरच्या फलाटावर सकाळ-संध्याकाळ पुकारला जातो. एकच शब्द खिळून राहण्यालाही आणि सुसाट सुटण्यालाही लागू पडावा, आणि तरीही इतिहासाची साखळी कुठेही तुटू नये, यापरते अर्थविकासाचे सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि काही आखूड शब्द तर आपल्याच अंगणातून गेले. संस्कृत ‘खट्वा’, तिची खाट. ती सतराव्या शतकात इंग्रजांनी उचलली आणि ‘कॉट’ केली, जरी झोपडी या अर्थाचा त्यांचा स्वतःचा एक ‘कॉट’ आधीपासून होताच. पुढे लोखंडी पलंगाबरोबर तीच ‘कॉट’ आपल्याकडे परत आली, आणि आज कित्येक घरांत खाट माळ्यावर असते आणि कॉट खोलीत.

हे लिहीत असता स्वयंपाकघरातून हरभऱ्याच्या डाळीचे पाकीट आणून समोर ठेवले आहे. त्यावर इंग्रजीत ‘बेंगॉल ग्रॅम’ असे छापलेले, आणि खाली कोपऱ्यात वजन, ५०० ग्रॅम. पहिला ‘ग्रॅम’ पोर्तुगीजांचा, त्यांच्या ‘ग्राओ’ म्हणजे दाणा या शब्दाचा, पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारात इंग्रजांच्या कानी पडलेला; दुसरा ग्रीकांच्या ‘ग्रामा’चा, ज्याचा अर्थ लिहिलेले अक्षर, मग एक लहानसे वजन, आणि जो काल-परवापर्यंत आपल्याकडे तारेच्या रूपाने, ‘टेलिग्रॅम’च्या शेपटीला लागून, घरोघरी येत असे. पाकिटावर त्या दोघांत जेमतेम चार बोटांचे अंतर आहे.