क्षेपणास्त्रयुगातील मध्यम व्यासाची नौतोफ

क्षेपणास्त्रांचा प्रसार झाल्यावर युद्धनौकेवरील तोफेचे प्रयोजन संपले, असा समज काही काळ दृढ झाला होता. ब्रिटिश नौदलाने ‘टाइप २२’ वर्गातील आरंभीच्या फ्रिगेटी मुख्य तोफेवाचूनच बांधल्या. १९८२ च्या फॉकलंड युद्धात मात्र किनाऱ्यावरील आर्जेन्टिनी ठाण्यांवर ब्रिटिश नौकांनी साडेचार इंची तोफांतून हजारो गोळे डागले. त्यानंतर त्याच वर्गातील अखेरच्या चार नौकांवर ही तोफ बसविण्यात आली.

नळीच्या अंतर्व्यासावरून तोफेचे वर्गीकरण होते. सुमारे ७६ ते १३० मिलिमीटर व्यासाच्या तोफा आज मध्यम गणल्या जातात. गोळ्याचे वजन स्थूलमानाने व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७६ मिलिमीटरचा गोळा सुमारे ६ किलोग्रॅमचा, तर १२७ मिलिमीटरचा सुमारे ३० किलोग्रॅमचा असतो. याउलट, ७६ मिलिमीटरची इटालियन ‘सुपर रॅपिड’ तोफ मिनिटास १२० गोळे डागू शकते. १२७ मिलिमीटरच्या अमेरिकन तोफेचा वेग १६ ते २० इतकाच आहे. म्हणजे मिनिटागणिक फेकले जाणारे वजन दोहोंत फारसे भिन्न नसते; भिन्न असते ते कार्य. किनाऱ्यावरील भक्कम लक्ष्यास मोठा गोळा हवा, तर हवाई लक्ष्यास गोळ्यांची संख्या हवी.

हवाई लक्ष्याची अडचण वेळेची आहे. सेकंदास सुमारे ९०० मीटर वेगाने सुटलेल्या गोळ्यास ४ किलोमीटर अंतर कापण्यास ४ सेकंदांहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात सेकंदास ३०० मीटर वेगाचे क्षेपणास्त्र एक किलोमीटरहून अधिक पुढे सरकते. म्हणून रडार व गणकयंत्र लक्ष्याचे भावी स्थान ठरवितात, आणि लक्ष्याच्या सान्निध्यात आपोआप पेटणारा फ्यूज उरलेली चूक भरून काढतो.

भारतीय नौदलाच्या, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या विनाशिकांत ही निवड स्पष्ट दिसते. १९९७ मध्ये दाखल झालेल्या ‘दिल्ली’वर १०० मिलिमीटरची तोफ होती, २०१४ च्या ‘कोलकाता’वर ७६ मिलिमीटरची, हरिद्वार येथे निर्मिलेली तोफ आहे.

तथापि तोफेच्या मर्यादा उघड आहेत. ‘सुपर रॅपिड’च्या बुरुजाखाली तयार असलेले सुमारे ८० गोळे पूर्ण वेगाने ४० सेकंदांत संपतात. शिवाय किनाऱ्यावर मारा करण्यासाठी नौकेस शत्रूच्या टप्प्यात जावे लागते. १२ जून १९८२ रोजी असा मारा करून परतणाऱ्या ‘ग्लॅमर्गन’वर किनाऱ्यावरून सोडलेले क्षेपणास्त्र आदळले व तीवरील नाविक प्राणास मुकले. तोफ ही क्षेपणास्त्राची जागा घेत नाही. ती त्याची उणीव भरून काढते.