पद्मिनीचा डॅशबोर्ड उघडण्याआधी

पूर्वी कुर्ल्यात बनणारी ही गाडी १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. डॅशबोर्डला हात लावण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढा. स्पीडोमीटर ओढू नका. मागून हात घालून केबलचा नट आधी सोडवा, नाहीतर केबल दुमडते. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नंबर टाका. जुन्या वायरींचे रंग इतके उडालेले असतात की लाल कुठली, तपकिरी कुठली, कळतच नाही. पेट्रोलचा काटा हलत नसेल तर लगेच नवा मीटर घेऊ नका. माझ्या गाडीत अर्थच्या टोकाला नुसता गंज होता. पॉलिश पेपरने घासलं आणि काटा उठला! मूळ बटणं शाबूत असतील तर मात्र जिवापाड जपा.